दुसरी वेलांटी

हजेरीपटावर मी 'शिला'.
ठेकेदाराच्या पोरानं घाईत पहिली वेलांटी दिली
आणि माझा दगड झाला.
नऊ वर्षं त्या दगडाचा पगार घेतेय,
सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
चेकिंगच्या टेबलावर.

आजोबांनी ठेवलं होतं सत्त्वशीला.
ते सायकलवरून गावोगाव सुवार्ता सांगत हिंडायचे,
टायरला ठिगळं, आवाजाला नाही.
माझ्या कपाळावर पाणी पडलं तेव्हा
पाळकांनी सगळं नाव उच्चारलं म्हणे,
एक अक्षर न गाळता, देवासमोर.
त्यानंतर फारसं कुणी नाही.
घरी शीलू, गल्लीत जॉनीची मम्मी,
रेशनला 'पुढं सरका'.

मागच्या रविवारी पुण्याहून उपदेशक आला होता.
इस्त्रीचा शर्ट, गालाजवळ माइक.
विचारलं, तुमचं पाचारण काय?
देवानं तुम्हाला कशासाठी बोलावलंय?
माझ्या डोक्यात: आज पाचवा दिवस, नळ येईल,
बॅरल रिकामं, जॉनी झोपलेला.
उपासना अर्धी टाकून निघाले.
पाणी भरता भरता तो प्रश्न
घागरीच्या तोंडापर्यंत आला आणि सांडला.
चाळिशी उलटली.
बोलावणं आलंही असेल,
मी चेकिंगला असेन.

कारण आमच्याकडं ऐकूच येत नाही काही.
साठ माग एकदम चालतात.
हाकेचा उपयोग नाही, खुणा असतात:
दोन बोटं म्हणजे कात्री,
टेबलावर थाप म्हणजे तू, इकडं ये.
'तू' कुणीही असतं.

माझं काम चुका शोधायचं.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग,
खडूनं गोल करायचा, सेकंडच्या ढिगात टाकायचं.
लोक प्रार्थनेत म्हणतात, देवा, तू विणकर, आम्ही कापड.
म्हणोत.
मला त्यात आधी खडू दिसतो.
कितीदा वाटलं, त्याच्याही टेबलावर
माझ्याभोवती गोल पडून गेला असेल.

सोमवारी नवी पोर आली, पूर्व भागातली,
तेलुगूत रडणारी.
रडणं सगळ्या भाषांत सारखंच,
ही मधेच 'अम्मा' म्हणायची एवढंच.
दिवसभर तिला थापा. दर थापेला दचकायची.
दुपारी मी समोर जाऊन वाकले,
ओठ मोठे केले, आवाज न काढता:
ना ग म णी.
तिनं मान वर केली.
साठ मागांच्या खडखडाटात एका माणसाला
स्वतःचं नाव दिसलं.

आणि लाइट गेली.

माग एकेक करून गप्प झाले.
हवेत सूत तरंगत राहिलं.
पत्र्यावर कबुतरं चालत होती.
नऊ वर्षं चालत असतील, मला आज कळलं.
आकाशवाणी वगैरे काही झाली नाही,
खोटं सांगणार नाही.
फक्त आतून एवढं उमगलं
की तो थाप मारून बोलवत नाही.
खडखडाट फार झाला तर समोर येतो, वाकतो,
ओठ मोठे करतो,
मी मान वर करीपर्यंत.
आणि मी नऊ वर्षं खाली बघत होते,
डागांकडं.

'अक्का, तुमचं नाव?' नागमणीनं विचारलं.
सवयीनं शीला म्हणणार होते.
सगळं सांगितलं.
ती जोडाक्षरात अडकली, सत्तव, सतव,
हसली,
पण 'शी' असा लांब ओढला
की मास्तरांनी पैकीच्या पैकी दिले असते.

लाइट आल्यावर मी तिला गाठ शिकवली,
तुटला धागा फेकायचा नसतो,
दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, घाई नाही.
मुकादम खुणेनं म्हणाला, हे तुझं काम नव्हे.
मी पण खुणेनंच म्हटलं, आहे.

संध्याकाळी सही करताना
त्याचंच पेन मागून घेतलं.
डावीकडची वेलांटी खोडली,
उजवीकडं दुसरी दिली.
श आणि ला यांच्यामध्ये
जागा होती तेवढी.