उद्या तारीख आहे

न्यायमंदिरातून कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं
तेव्हा आमचं दांडिया बाजारातलं ऑफिस
नदी सरकल्यावर घाट राहतो
तसं राहिलं.
खालचा झेरॉक्सवाला मोबाइलची कव्हरं विकायला लागला,
नोटरी पंड्या शिक्के आणि स्कूटर घेऊन गेले,
आणि मी रोज म्हणत होते,
पुढच्या महिन्यात बघू.

शेवटी भाच्यानं कृणालला पाठवलं.
त्यानं लॅपटॉप टिपणीससाहेबांच्या खुर्चीवर ठेवला
(तिच्यावर कुणी काही ठेवत नाही,
पण हे त्याला कोण सांगणार)
आणि विचारलं,
मॅडम, तुमची अशिलं येतात कुठून?

मी आठवून आठवून सांगितलं.
मकरपुऱ्याच्या लेथवाल्याला टायरवाल्यानं पाठवलं.
टायरवाला स्वतःच आला,
त्याच्या बायकोचा दावा मी जिंकले होते,
त्याच्याविरुद्ध.
फतेगंजच्या मिसेस डिकुन्हा जिना चुकल्या,
त्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.
बोलता बोलता भाडेकरूचं प्रकरण निघालं.
त्याला आता बारावं वर्ष.
दात राहिलेच.

कृणालनं टाइप केलं: रेफरल. वॉक-इन.

मग जाहिरातीचं निघालं.
म्हटलं, बाबा, वकिलाला जाहिरात चालत नाही.
पाटीसुद्धा बेताची हवी,
तिच्यावर नाव असावं, मोठेपण नसावं.
तो हसला. त्याच्या आईच्या केटरिंगची पाटी
आमच्या जिन्याहून रुंद आहे.
निदान व्यवस्था तरी सुधारा, म्हणाला.

आता आमची व्यवस्था म्हणजे जशुभाई.
एकतीस लाल डायऱ्या,
गुजराती अक्षरात मराठी आडनावं,
आडनावापुढे टिंब: फी बाकी.
दोन टिंबं: मागू नका.
तारखेच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता
चष्मा कपाळावर चढवून ते फोन लावायचे:
काले तारीख छे, बेन. साडेदहा.
भाडेपावत्या आणा. गुडघा कसाय?
साताऱ्याहून नवीनच आलेली एक सून
काले म्हणजे काल समजली
आणि तारीख बुडाली म्हणून
रडत, रिक्षानं, रात्री आठला दारात.
जशुभाईंनी तिला पाणी दिलं, सेव उसळ मागवली,
आणि हाच शब्द दोन्हीकडे चालतो हे समजावलं.

पण गेल्या भाद्रपदात सतराची सत्तावीस झाली.
एकतर्फी हुकूम.
लेथवाला एक शब्द बोलला नाही,
फाइल घेऊन गेला.
जशुभाईंनी ते पान
ब्लेडनं कापून खिशात ठेवलं, अजून असेल.
त्या आठवड्यात मी कृणालला फोन केला.

आता सातच्या ठोक्याला सगळ्यांना एकसारखं जातं:
प्रिय अशील, आपल्या प्रकरणाची सुनावणी
उद्या सकाळी साडेदहा वाजता आहे. धन्यवाद.
चूक होत नाही.
पहिल्याच दिवशी रात्री अकरा वाजता
मिसेस डिकुन्हांचा आवाज आला, ओला,
मागे घड्याळाची टिकटिक:
निरोप मिळाला. जशुभाई कधी गेले?
मला कुणी कळवलंसुद्धा नाही.
पाठोपाठ वाडीच्या शिर्क्यांनी
हात जोडलेलं चित्र पाठवलं.

सकाळी जशुभाईंनी तो आवाज बशीतला चहा संपेपर्यंत ऐकला.
मग परत लावायला सांगितला.
दोन टिंबं आहेत तिला, एवढंच म्हणाले.

दिवाळीपुऱ्याचं नवं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे.
पाटी दीड फूट बाय एक,
पेंटर म्हणाला, खाली जागा उरते, काही टाकू?
म्हटलं, राहू दे.
सातला मशीन मेसेज पाठवतं.
सव्वासातला जशुभाई फोन लावतात,
आपण आहोत, एवढं सांगायला,
आणि गुडघ्याचं विचारायला.
तारखेचं कुणी काढलंच
तर जरा गुर्मीत म्हणतात,
ते मेसेजमध्ये बघा.