शाल्मल उंबरठा म्हणाला

त्रेसष्टाव्या भागात शाल्मल 'उंबरठा' म्हणाला
आणि रुवीत, हमरियातल्या आमच्या खोलीत
भांडण पेटलं.

पाष्टेने वही काढली.
साइटवर तो टाइमकीपर. दिवसा माणसांचे तास लिहितो,
रात्री क्षारनगराचे शब्द.
"नियम पहिल्याच भागात सांगितलाय:
मिठाची भिंत ओलांडली की एक शब्द जातो.
कुठला, ते भिंत ठरवते.
तोयाला भेटायला हा सत्तावीस वेळा आला.
सत्तावीस शब्द गेले, हे बघा, तारखेनिशी.
आठव्या खेपेला हाच गेलाय.
मग आज कुठून आणला?
लिहिणारे झोपले होते, दुसरं काय!"

परकारने वरच्या बंकवरून पाय खाली सोडले.
"शब्द गेला म्हणून ज्यांनी त्याला
तीन भाग तिच्या दारात नुसता घुटमळत ठेवला
ते झोपत नाहीत, पाष्टे."
हे मात्र खरं.
त्या तीन रात्री आमचं जेवण तसंच राहिलं होतं.

लोपीसची तक्रार निराळीच.
तो वसईचा, मिठागरवाल्यांतला.
"भिंत मिठाची, आणि पहाटे दव दाखवता?
पायथा पाझरेल. सात पिढ्या कसली टिकते,
सात पावसाळे नाही टिकायची.
आणि शेत एकही नाही.
खातात काय रे ती माणसं?"
"प्रेम," कुणीतरी म्हणालं.
त्याच्या तोंडावर उशी बसली.

मी एसी दुरुस्त करतो.
गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गेला,
एवढंच मला कळतं.
ते मी बोललो नाही.

हसनमियाँ कोपऱ्यात दिश्दाशाला काजं करत होते.
चार वर्षांत मालिकेवर एक अक्षर नाही.
दात लावून दोरा तोडला आणि म्हणाले,
"ती बोलते ना त्याच्याशी?
पाणी दे, दार लाव, असंच काहीबाही.
त्यात आला असेल. उचलला त्याने."

खिडकीतला एसी तेवढा घरघरत राहिला.

"मग नियमाला अर्थ काय?" पाष्टे उसळला.
"गेलेलं परत मिळतं तर भिंत बांधली कशाला?
फुकटचं सगळं?"
"फुकट नाही," हसनमियाँ सुई ओवत म्हणाले.
"तिच्या तोंडचा मिळतो.
त्याचा तो गेलाच."

परकारने वही ओढून घेतली. पान आठ.
पाष्टेच्याच हस्ताक्षरात, लाल शाईने: उंबरा.
"शाल्मलकडे उंबरा म्हणतात. पहिल्यापासून.
उंबरठा तोया म्हणते."
"एकच ते!"
"वही तुझी आहे."

पाष्टे ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला.
सकाळच्या डब्याचे तांदूळ धुवायचे होते.
भांडी आपटली. मग आवाज आला,
"अरे ती कुठंय... ती...
बांबूची असते घरी... इथं प्लास्टिकची घेतली ती...
तांदूळ धुवून ठेवतात ती रे...
काय म्हणतात तिला?"

लोपीस म्हणाला, चाळण.
"चाळण नव्हे!"
परकार छताकडे बघत राहिला.
मला येत होता शब्द.
अगदी जिभेवर होता.
मी गिळला.

शेवटी त्याने फोन उचलला.
इकडे दहा, म्हणजे गुहागरात साडेअकरा.
ओल्या हातानेच निरोप बोलला, हळू,
तरी आम्ही सगळ्यांनी ऐकला.

उत्तर यायला पाच मिनिटं लागली.
झोपेतला, जरा चिडका बाईचा आवाज
ओट्यावरून साऱ्या खोलीत:
"रोवळी.
आणि पुढचं काय झालं ते सांगू नका हां,
आमच्याकडे लाइट नव्हती."

पाष्टेने नळ सोडला. नळ बंद केला.
निरोप पुन्हा लावला.
नियम तपासतोय, म्हणाला.