खोर

इथे खाडीला खोर म्हणतात.
आमच्याकडे खोर एकटा राहत नाही,
त्याच्या आधी काहीतरी लागतंच:
भांडखोर, चुगलखोर, संशयखोर.
उम्म अल कुवैनला नवा आलो तेव्हा
या शब्दावर हसलो होतो.

मग एका शनिवारी रात्री
कांदळाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात,
मोजले तर पिंजरे दोनच.

तिसरा मी स्वतः वळलेला,
डक्टच्या कामातून उरलेल्या जाळीचा.
तोंड आत निमुळतं होत गेलेलं,
देवगडला काका कामट्यांचं करायचा तसं.
वर तरंगायला लबनची रिकामी बाटली,
बाटलीवर मार्करने, देवनागरीत: तारी.
माझं आडनाव. इथे कोण वाचणार?
तरी लिहिलं.

पलीकडे दगडावर आर्सेनियो बसलेला.
लॉन्ड्रीतला. ब्लीचने बोटं सोललेली,
त्याच बोटांनी कोंबडीच्या माना
सुतळीला बांधून पाण्यात सोडायचा.
त्याच्या बादलीत सात कुर्ल्या.
मी सात मोजल्या
आणि माझ्या डोक्यातला हिशेब आपोआप पुरा झाला.

बोललो ते थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत.
शिवी मात्र मालवणीत दिली,
ती त्याला बरोबर कळली.
त्याने बादली माझ्याकडे सरकवली.
सातही.
मी घेतल्या नाहीत. एवढी लाज शिल्लक होती,
किंवा पुनव होती,
आणि पुनवेच्या कुर्ल्या पोकळ, कवचात नुसतं पाणी.
खरं कारण कुठलं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या शनिवारी त्याने एक पिंजरा आणला,
हिरव्या नायलॉनचा, घडी होणारा, किमतीचा कागद तसाच.
"तुझा तिसरा," म्हणाला.
मी ती कबुली समजलो.
चोराच्या मनात चांदणं, असं पुटपुटत
पिंजरा घेतला. आभार मानले नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला लॉन्ड्री बंद झाली.
दगड रिकामा.
कुणी म्हणालं शारजाला गेला, कुणी म्हणालं घरी.

जानेवारीत अवसेची सुकती.
पाणी इतकं मागे हटलं
की रोहित पक्षीसुद्धा लांब, चिखलाच्या पार पलीकडे
उभे राहिलेले दिसले, सगळे एका पायावर.
मी सहज चालत गेलो,
आणि कांदळाच्या वर आलेल्या मुळांत
तो अडकलेला.

दोरी कापलेली नव्हती.
गाठ सुटली होती. माझी गाठ.
काकाने दोनदा शिकवलेली, मी दोनदा
हो हो म्हटलेली.
बाटली नव्हती. माझं नाव
सुटून एकटंच कुठे गेलं कोण जाणे.

आत कवचं. नांग्या. पायांचे तुकडे.
आमिष तर पहिल्याच रात्री संपलं असणार.
मग जी आत आली ती पुढचीचं आमिष झाली,
पुढची तिच्या पुढचीचं.
महिनोन् महिने पिंजरा कामावर होता,
ओव्हरटाइम, आणि उचलायला कुणी नाही.

एक जिवंत होती. मोठी,
पाठीवर शेवाळ, एक नांगी आखूड.
मी दार उघडलं.
येईना बाहेर.
उरलेली नांगी उगारून माझ्याकडेच बघत राहिली,
जसं काही मीच चोरायला आलोय.
शेवटी पिंजरा उलटा करून झटकला.

फोटो काढला. आर्सेनियोच्या नंबरवर पाठवला.
खाली काय लिहावं सुचेना,
म्हणून नुसता फोटो.
एक खूण उमटली.
दुसरी अजून उमटलेली नाही.

आता चार पिंजरे टाकतो.
हिरवा सगळ्यात आधी उचलतो.
त्यालाही लबनची बाटली आहे,
तिच्यावर त्याचं नाव, देवनागरीत.
यो की ओ, यावर जरा अडलो होतो.
दगडाकडे पाहिलं,
पण विचारणार कुणाला?