मिठाला जागलेला

पहाटे साडेपाचला गेथिन येतो,
पायपुसण्यावर बर्फ आणि तपकिरी खडे झाडत.
बाला गावापासून खिंडीपर्यंत
रात्रभर रस्त्यावर मीठ पेरत गेला.
अकरा टन, म्हणतो. वायपर दोनदा गोठले.

टब भरतोय. कडेवर दोन गोष्टी:
फिजिओने सांगितलेलं एप्सम सॉल्ट,
किलोची पिशवी, तोंडाला कपड्याचा चिमटा,
आणि कॅरिसने नाताळात दिलेला बाथ बॉम्ब,
सफरचंदाएवढा, लव्हेंडरचा,
मार्च आला तरी रिबिनीतच.

"कंबरेला मीठच बरं," मी म्हणते.
सुट्टीच्या दिवशी पोस्टमनने पत्राकडे बघावं
तसा तो पिशवीकडे बघतो.
"आज नको, नेरिस.
कानातसुद्धा आहे."

मग बॉम्ब.
लगेच बुडत नाही तो. गरगरतो, फसफसतो,
पाणी जांभळं करतो,
आणि एकोणसाठ वर्षांच्या दोन गुडघ्यांभोवती
चमकी गोळा होते.
दाराआडून मला त्याचं हसू ऐकू येतं,
पोरगं पोटात गुदगुल्या झाल्यावर हसतं तसं.
टबाला बसलेली जांभळी रेघ
कोण घासणार, ते उद्या बघू.

पिशवीतलं मूठभर मी बादलीत टाकते,
पाय सोडून बसते स्वयंपाकघरात.
माझ्याही टाचा आहेत.

आतून आता आवाज नाही.
रात्रभर मिठाला जागलेला माणूस
लव्हेंडरमध्ये झोपला असणार.

खिडकीतून शाळेची बस दिसते,
चर्चपाशी, त्या वाईट उतारावर.
ब्रेक लावते. थांबते.
दोन मुलं चढतात.

पाणी निवायच्या आत
त्याला उठवायला हवं.