खिडकी कुठल्या दिशेला

रात्री पावणेबारा. ओटा पुसून झाला,
ओल्या अंगठ्यानं मी बिया बघत बसते.
एका दुकानात जांभळे टोमॅटो, लाल भेंडी,
निळी मिरची. साडेचार तारे. उद्या घरपोच.
खाली कुणी वैतागून लिहिलंय:
पन्नासात दोन उगवल्या, त्यातलं एक गवत.

दुसरीकडे उगवणीची हमी, कोथिंबिरीवर झेंडू फुकट.
टोपलीत टाकते, काढते, परत टाकते.
तीनशे चाळीस रुपयांत मंडईत किती भाजी येईल,
हा हिशेब मुद्दाम करत नाही.

मग सफाळ्याच्या निर्मळाबाई चुरी.
अंधुक फोटो, स्टीलच्या वाटीत वालाचं बी,
वाटीच्या कडेला त्यांचा अंगठा.
तारे नाहीत. नुसता फोन नंबर.

"खिडकी कुठल्या दिशेला?"
बावीस वर्षं झाली कन्नमवार नगरात,
सांगता येईना.
"ऊन बघा, मग बोला."

रविवारी ग्रिलपाशी स्टूल टाकून बसले.
साडेनऊला ऊन आलं, लादीवर थोडं सरकलं,
सव्वाअकराला समोरच्या टॉवरनं
उचलून नेलं.

"मग टोमॅटो देणार नाही मी," बाई म्हणाल्या.
"मेथी तुमच्या मसाल्याच्या डब्यातलीच पेरा.
अळूचा एक कंद पाठवते. गळकी बादली आहे ना?"

आहे.

कंद आला लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात,
मातीसकट. वर पेननं:
नाही फुटला तरी कळवा.