कलम सहावे

शारजात रोल्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
खाली मोबाइल दुरुस्ती, वर आमचं टायपिंग सेंटर.
मी मराठीत ऐकतो, इंग्रजीत टाइप करतो,
अरबी बाजू बकरसाहेब बघतात.
एकाच कागदावर
डावीकडून माणूस निघतो, उजवीकडून कायदा,
मध्ये कुठेतरी शिक्का.

केळुसकर आला तेव्हा मृत्युपत्र म्हणायला तयार नव्हता.
इच्छापत्र म्हणा, म्हणाला,
मरायची इच्छा नाही, पण पत्र असू दे.
चोवीस वर्षं क्रेनवर. उंचावरून बोलायची सवय,
म्हणून खोलीतसुद्धा मोठ्यानं.

वकीलबाईंनी विचारलं, इथं काय काय आहे?
वेंगुर्ल्याचं घर यात धरत नाही, त्याचा कागद वेगळा.
तो बोटं मोजायला लागला.
बँकेतले. नोकरीचे साठलेले.
टोयोटा, मागचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, तेही लिहा.
सोन्याची एक चेन, अजून बिलासकट डबीत.
सगळं हेमलताला.
त्या नसतील तर?
मुलीला.
मुलगी तेव्हा लहान असेल तर?
तो पहिल्यांदा हळू बोलला:
लहान असेल तर मी मरणार नाही.
बाईंनी तरी पालकाचं नाव लिहून घेतलं.

मग म्हणाला, पारकरकडून नऊ हजार येणे आहेत,
बहिणीच्या ऑपरेशनला दिलेले.
ते येणे नाही असं लिहा.
माझ्या पश्चात कुणी मागू नये.
आत्ताच सांगून टाका की त्यांना, बाई म्हणाल्या.
आत्ता सांगितलं तर भांडेल.

पारकर बाहेरच्या बाकावर,
इस्त्रीचा शर्ट घालून, साक्षीदार म्हणून आलेला.
पण ज्याला मिळायचं त्यानं साक्ष द्यायची नसते.
केळुसकरनं दार उघडून हाक मारली,
पारकर, खालून चहा आण सगळ्यांना. माझाही.
तो उतरला.
साक्षीला एक सही माझी पडली, दुसरी बकरसाहेबांची.

दीड वर्षानं गेला. क्रेनवर नाही, झोपेत, ऑगस्टात.
खातं गोठलं.
हाच शब्द वापरतात इथं, अठ्ठेचाळीस डिग्रीत.
दाखला, दाखल्याचा तर्जुमा,
तर्जुम्यावर शिक्का, शिक्का खरा आहे असा शिक्का.
हेमलताताई वेंगुर्ल्याहून फोन करायच्या,
पैशाचं विचारत नसत.
गाडी सावलीत लावलीय ना कुणी?
त्यांना उन्हात ठेवलेली चालत नसे.

कोर्टाचा कागद निघाला त्या आठवड्यात पारकर आला.
प्लास्टिकच्या पिशवीत नऊ हजार, रबर लावून.
वारसांच्या नावे भरून घ्या, पावती द्या.
मी कलम सहावे वाचून दाखवलं,
आधी इंग्रजीत, मग मराठीत,
तो गप्पच, म्हणून पुन्हा मराठीत.

रबर काढलं त्यानं, पुन्हा लावलं.
म्हणाला, काहीतरी लपवतोय ते तेव्हाच कळलं होतं.
केळुसकर चहा पीत नव्हता हो.
माझाही म्हणाला ना,
मला वाटलं, मोठा आजार निघाला असेल,
म्हणून हा कागद.
जिना चढताना रडलो मी. ट्रे हलला,
थोडा सांडलाही टेबलावर,
तुम्हाला आठवत असेल.

मला एवढंच आठवतं,
मी कागद उचलून धरला होता,
ओला होऊ नये म्हणून.