कुं

टल्सामधला एप्रिल म्हणजे दुपारी घाम, पहाटे शाल.
पाण्यात थर्मामीटर सोडला तर बासष्ट.
थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, अठ्ठ्याऐंशी हवं,
त्याशिवाय ह्यांचा उजवा खांदा सैल पडायचा नाही.

हीटरचं बटण दाबते.
टक् टक् टक् टक्.
एक लांब सुस्कारा, मग काही नाही.
पडद्यावर लाल आकडा येतो,
मी पुस्तिका उघडते, पान एकोणचाळीस:
ज्योत पेटली नाही.
ते मलाही दिसतंय.

आधी गॅसचा कॉक पाहिला. उघडा.
मग फिल्टर. काटा पंचवीसवर, म्हणजे चोंदलेला.
उलटं पाणी सोडून धुतला,
हिरवट गाळ लॉनवर पसरला,
ग्लेंडाने कुंपणावरून मान काढून पाहिलं.
काटा अकरावर आला. उगाच अभिमान वाटला मला.
बटण दाबलं.
टक् टक् टक् टक्.

मंगळवारी डेल्बर्ट येऊन गेला.
टोपी मागे सरकवून, झाकण न उघडताच म्हणाला,
चौदा वर्षांचं यंत्र आहे, मॅम, नवीनच घ्या,
साडेचार हजार, बसवण्याचे वेगळे.
आणि ज्या माणसाने एकतीस वर्षं
रिफायनऱ्यांचे बॉयलर नुसत्या कानाने ओळखले
तो खुर्चीतून त्याच्याकडे बघत होता,
ओठ हलवत.

जानेवारीतल्या झटक्यापासून असंच आहे.
शब्द आत असतो, मला तो गळ्यापर्यंत आलेला दिसतो,
पहिलं अक्षर उडतं आणि विझतं.
चहा म्हणायचं असलं तर चष्मा येतो.
नातवाला परवा फोनवर ‘पाना’ अशी हाक मारली,
पाना-पक्कडमधला पाना.
तो हसला, हेही हसले. मी ओट्याशी भांडी घासत राहिले.

आज सकाळी झाकणाचे आठ स्क्रू काढत बसले होते,
ह्यांचा डावा हात वर झाला.
“कुं,” हे म्हणाले.
कुंकू?
मान हलली, नाही.
कुंपण? ग्लेंडा आली का?
नाही.
कुंडी? ही कुंडी सरकवू?
“कुं... कुं...”
कुंदाआत्या? अहो, तिला जाऊन बारा वर्षं झाली.
ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.
बोट मात्र तिथून ढळलं नाही.
मग मी खुर्चीमागे गेले,
ह्यांच्या गालाला गाल लावला,
आणि बोटाच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं.

जाळीच्या फटीतून एक काळी, बारीक कमरेची
तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन
आत गेली.

कुंभारीण.

“हां,” म्हणून हे मागे टेकले,
पाळी संपवून आल्यासारखे.

बर्नरच्या तोंडाशी तिने घर लिंपलं होतं,
गॅस यायच्या नेमक्या भोकावर.
गॅस बंद केला, वीज बंद केली, अर्धा तास थांबले,
(हे ह्यांनीच शिकवलेलं, कधीतरी, ओरडून)
मग केसांच्या आकड्याने माती खरवडली.
आत कोळी. सात-आठ, लहान, मऊ,
मेलेले नव्हते, हलतही नव्हते,
तिच्या पिल्लासाठी ताजे ठेवलेले.
लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं,
ती आळीला टोचून टोचून आपल्यासारखी करते.
इथे तसलं काही चाललेलं दिसेना.
एका कोळ्याचा एक पाय किंचित थरथरला.
तो मी ह्यांना दाखवला नाही.

दुपारी बटण. टक् टक्,
भप्प.
निळी रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावली.

तासाला एक अंश, कधी तेवढाही नाही.
मध्ये दोनदा आपोआप बंद पडला,
प्रेशर स्विच असणार, उद्या बघते.
संध्याकाळी सातला सदुसष्ट.
ह्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
पाय पाण्यात सोडले.

“थंड,” हे म्हणाले.
अख्खा शब्द.
मी म्हटलं, काय म्हणालात?
“थंड आहे गं,”
आणि कपाळावर ती आठी, पूर्वीची,
भाजीत मीठ कमी पडलं की यायची ती.